निळी बादली

प्रिय भिंगरी,

सगळ्यांत आधी कोण उगवला, सांग बघू? न्हावी! हातात रंगाचा रिकामा डबा. त्याच्यामागे किराणावाला, आणि दोघांच्या आडून, जरा लांबूनच, आपली शेजारीण शिंपीण. वणव्यात तिचं घर गेलं, तेव्हापासून तिने आपल्या अंगणात पाऊल टाकलं नव्हतं गं. तिला बघितलं आणि शेगडीवरचं दूध उतू गेलं तरी मला पत्ता नाही.

डबा कशाला म्हणशील? अगं, गल्लीत सध्या एकच पालुपद. डोंगरावरून आली ती साधी आग नव्हतीच म्हणे, आभाळातून कुणीतरी किरण सोडला. आणि त्या किरणाला निळा रंग चालत नाही! आपलं दार निळं, म्हणून अख्ख्या रांगेत आपलंच घर उभं राहिलं. न्हाव्याच्या खुर्चीतून माणूस अर्धे केस आणि पूर्ण बातमी घेऊन उठतो, तुला ठाऊक आहे. आधी मी हसायची. मग नळावर कुणीतरी म्हणालं, हिला आधीच कळवलं असणार, नाहीतर हिचंच घर कसं वाचलं? शिंपीण तिथेच उभी होती. किरणच होता तो, एवढं म्हणाली आणि घागर उचलून चालती झाली. माप न घेता माझे कपडे शिवणारी बाई ती!

काय सांगत होते? हां, डबा. न्हाव्याला आपल्या दारासारखाच निळा रंग मिसळून घ्यायचा होता, नव्या घरांना लावायला. दाराला नाक लावून असा निरखत होता, जसं काही स्थळ बघायला आलाय. मी म्हटलं, दार नंतर बघ बाबा, आधी मागे चल.

मागे आपली प्लास्टिकची निळी बादली. वणव्याआधी तू आलीस तेव्हा पत्र्याच्या पन्हळीतला पाचोळा काढलास, भिंतीवरचा माझा लाडका वेल छाटलास, लाकडांची रास पार कुंपणापाशी नेलीस. तेव्हा बादली त्या लाकडांवरच राहिली होती. लाकडांची राख झाली आणि बादली वितळून पायपुसण्यासारखी चपटी पसरली आहे. मी म्हटलं, हिच्याहून निळं काय असतं रे? तर न्हावी डोकं खाजवत म्हणतो कसा, आजी, हा निळा जरा फिका आहे! किराणावाला म्हणाला, तुझ्या किरणाला चष्मा लागलाय का?

आणि भिंगरे, शिंपीण हसली. खळखळून हसली, आणि हसता हसता रडायलाच लागली. म्हणाली, काकू, तुमची नात माझ्याकडेही आली होती. वाळलेलं कुंपण तोडून देते म्हणाली. मीच हाकललं तिला, आडोसा जाईल म्हणून.

मला हे ठाऊकच नव्हतं. तू कधी चकार शब्द काढला नाहीस. मग कळलं, ती त्या किरणाला एवढी का चिकटून बसली होती. आभाळातून कुणी जाळलं म्हटलं, की आपल्या मनाला टोचायला काही उरत नाही. मी तिला जवळ घेतलं. म्हटलं, बाई गं, कुंपण तू लावलंस, वारा काही तू सोडला नव्हतास.

मग चहा झाला. चहा पिता पिता तिचं लक्ष माझ्या उसवलेल्या बाहीकडे गेलं. म्हणाली, आणा इकडे, मशीन जळलंय, हात नाही जळले. सुई-दोरा माझाच, पण टाके तिचे! अजून तीच बाही मिरवत बसले आहे.

आता एवढा कागद काळा केला तो कशासाठी, ते ऐक. ती नवं घर बांधतेय. म्हणाली, पोरीला लिहा, कुठे काय लावायचं नाही ते तिनेच येऊन दाखवावं, या वेळी दार उघडं ठेवीन. मग दारच उरलं नाही हे आठवून आम्ही दोघी पुन्हा हसलो. न्हावी रंग लावणारच म्हणतो. लावू दे, छान दिसेल, पण मी त्याच्या हातात खराटाही देणार आहे. तू ये गं. येताना ती मोठी कात्री आण, माझ्या वेलाला पुन्हा पालवी फुटलीय, त्याचं काय ते तूच बघ. रविवारी सकाळी गल्लीतली वाळकी कुंपणं काढायला कोयते घेऊन सगळे परत येतो म्हणालेत.

तुझीच,
बाही मिरवणारी आजी