पाणी वाचवा, रेजिना

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. यशस्वी उद्योजक लिहितात, म्हणून मीही.
आयटीतली नोकरी सोडून इथेच, कॅनडातल्या रेजिना शहरात, हे कार वॉश घेतलं. नाण्यावर चालतं. लोक येतात, मशीनमध्ये लूनी, म्हणजे इथलं एक डॉलरचं नाणं, टाकतात, पाण्याची बंदूक उचलतात आणि आपली गाडी आपणच धुतात. मालकाने फक्त मालकासारखं उभं राहायचं. हे मला जमण्यासारखं आहे.
माधवीची अट: मार्चपर्यंत दारावर एकदा जरी 'क्लोज्ड'ची पाटी लागली, तर मुकाट्याने परत नोकरी. हसत हो म्हटलं. बायकोला बिझनेस कळत नाही.

६ जानेवारी. उणे अठ्ठावीस
नाणं आत जाईना. एक गिऱ्हाईक मशीनला लाथ घालून गेलं. कॅनेडियन माणूस, लाथ घातल्यावर सॉरी म्हणाला.
मॅन्युअलमध्ये लिहिलंय, टेक्निशियन बोलवा. कशाला? आमच्याकडे कुरकुरणाऱ्या बिजागरीपासून सायकलच्या चेनपर्यंत आईचा एकच इलाज असायचा: खोबरेल. माधवीची बाटली हीटरच्या व्हेंटवर होती, तेल छान पातळ होतं. दोन्ही मशीनना सढळ हाताने पाजलं. नाणी सुळकन आत.
असे उपाय मॅन्युअलमध्ये मिळत नाहीत.

७ जानेवारी
खोबरेल गोठलं.
पुण्यात डिसेंबरात गोठतं हे मला माहीत होतं. पण ते बाथरूममध्ये. मशीनमध्येही गोठेल असं कोणी सांगितलं नव्हतं. सकाळभर टूथपिकने पांढरी वडी कोरून काढली. उरलेलं लेकीच्या, ऊर्मीच्या हेअर ड्रायरने वितळवलं. माधवीने विचारलं, बाटली कुठे आहे. मी म्हटलं, मला काय माहीत.
संकल्प: यापुढे पूर्ण विचार करूनच निर्णय.

११ जानेवारी
मोठा शोध! दोन्ही बंदुका गळतात. दिवसरात्र. टिप टिप टिप, सगळं पाणी गटारात!
पुण्यात आमच्या सोसायटीत टँकर यायचा. गळक्या नळाखाली आई पातेलं ठेवायची आणि ते पाणी कुंड्यांना जायचं. आणि इथे हा संजय, ज्याने मला हे कार वॉश विकून व्हँकुव्हर गाठलं, तो इतकी वर्षं नुसता बघत बसला! हँडओव्हरच्या दिवशी तो हिंदीत पाण्याबद्दल काहीतरी सांगत होता खरा, पण मी तेव्हा बोर्डासमोर सेल्फी काढत होतो.
मागच्या खोलीत कॉक सापडला. वर लाल टेपचे वेढे. संजयचा गबाळा कारभार. टेप काढली, कॉक बंद केला. टिपटिप थांबली. मन भरून आलं.
त्याच उत्साहात जमिनीखालचं हीटिंगही बंद केलं. टायरला काय पायमोजे लागतात?

१२ जानेवारी. उणे एकतीस
बंदुकीतून पाणी येत नाही. पाइप काठीसारखे ताठ.
'क्लोज्ड' लावलेलं नाही. 'प्लीज वेट' लावलंय. एक बाई बराच वेळ खरंच थांबल्या.
संध्याकाळी नाइलाजाने संजयला फोन. त्याने विचारलं, पानी बंद तो नहीं किया ना? मी म्हटलं, थोडासा. मग तो हसला. फारच हसला. थंडीत बंदुका गळायलाच हव्यात म्हणे. पाणी वाहतं राहिलं की पाइप गोठत नाही. ते गळणं मुद्दाम ठेवलेलं आहे.
हे त्याने सेल्फीनंतर सांगायला हवं होतं.

१३ जानेवारी
हेअर ड्रायरने पाइपमधला बर्फ वितळवला. यश! पाणी आलं. बंदुकीतून नाही, फुटलेल्या पाइपच्या मधूनच. मुख्य कॉक सापडेपर्यंत जमीनभर पसरलं आणि बघता बघता गोठलं. मी दोनदा पडलो. दुसऱ्यांदा उठलोच नाही, रांगत दारापर्यंत आलो.
प्लंबर म्हणाला, पुढच्या आठवड्याच्या आधी शक्य नाही. माधवीला सांगितलं, मेंटेनन्स चालू आहे.

१७ जानेवारी
इतकी गर्दी पहिल्यांदाच! ऊर्मी मैत्रिणींना घेऊन आली, सगळ्यांच्या पायात स्केट्स. मी ऊर्मीला समजावलं की हे कार वॉश आहे. ती म्हणाली, नो बाबा, इट्स अ रिंक.
रात्री झोप लागली नाही. खरं सांगायचं तर भीती वाटते आहे. परत त्या क्युबिकलमध्ये बसायचं, परत ते स्टेटस कॉल. मला ते नको आहे. इथे गुडघे फुटले, पण ते माझ्या जमिनीवर फुटले.

१८ जानेवारी, रविवार. उणे तेहतीस
माधवी स्वतः बघायला आली. गाडी बाहेरच लावली, आतच बसून राहिली आणि काच जराशी खाली करून म्हणाली, एक गाडी धुऊन दाखव. एकच. अट रद्द.
एवढंच? वॉशरूममधून गरम पाण्याच्या बादल्या आणल्या, मॉप घेतला आणि आमचीच गाडी धुतली. जीव तोडून धुतली. छत, दारं, हँडलसुद्धा. अशी चकचकीत गाडी अख्ख्या रेजिनात नसेल. मी विजयाने कमरेवर हात ठेवून उभा राहिलो.
माधवीने दार उघडायचा प्रयत्न केला. मग दुसरं दार. मग काच. काहीच उघडेना. चारी बाजूंनी बर्फ. ती आतून काहीतरी बोलत होती. मला ऐकू येत नव्हतं, ते बरंच झालं.

त्याच दिवशी, संध्याकाळी
शेवटी दार निघालं. दिवसभर खरवडत होतो.
माधवी चिडली नाही. आत हीटर होता, फोन होता. बसल्या बसल्या तिने माझ्या जुन्या मॅनेजरला, गौरांगीला, मेसेज केला होता.
मी अजून मागचं दार खरवडत होतो, तोवर उत्तरही आलं होतं. उद्या नऊला स्टेटस कॉल.