लेकाच्या दारी काय न्यावं

उदगीर
दि. ८ जानेवारी २०२५

प्रिय मित्र शेषेराव यास,
रामलिंगचा स. न. वि. वि.

फोनवर तू सोयाबीन आणि मी पाठदुखी, याच्यापुढे आपण जात नाही, म्हणून पत्रच लिहितो. शाळेत एका बाकावर बसून चिठ्ठ्या लिहायचो, तेव्हापासून माझं खरं बोलणं तुझ्याशी लिहूनच होतं.

बातमी अशी. शेजारचा आदिनाथ मालाची गाडी घेऊन नांदेडला गेला होता. तिथं त्याला आपला रुद्रेश भेटला. मोटारी दुरुस्त करायचं त्याचं स्वतःचं दुकान आहे, आणि त्याला मुलगी झाली आहे. वर्षाची झाली. नाव सृष्टी. चार वर्षांपूर्वी पुनम आपल्यातली नाही म्हणून मी त्याच्या लग्नाला गेलो नाही, आणि तेव्हापासून आम्ही बापलेक एकमेकांशी एक शब्द बोललेलो नाही. त्याची आई असती तर तिनं मला मनगटाला धरून नेलं असतं.

मला आता जायचं आहे. सकाळी पूजेला बसलो की तळहातावर इष्टलिंग असतं आणि मन नांदेडच्या कुठल्या तरी गल्लीत फिरत असतं. डोळे मिटले की एक लहान मुलगी पाठमोरी चालताना दिसते. तोंड दिसत नाही.

तू अर्ध्या लोहा गावाला दवाखान्यात, तहसिलीत, सोयरिकीला सोबत करणारा माणूस. कुठं जाताना जवळ काय असावं हे तुझ्याइतकं कोणाला कळतं? तेव्हा सांग, अशा दारी जाताना हातात काय न्यावं. दार उघडलं नाही तर मी पुन्हा जाईन असं वाटत नाही. हिंमत एकदाच पुरेल एवढीच जमली आहे.

तुझा
रामलिंग


लोहा
दि. १५ जानेवारी २०२५

प्रिय रामलिंग यास,
स. न. वि. वि.

पत्र वाचलं आणि तसंच देवापुढे ठेवलं. संध्याकाळी दिवा लावताना पुन्हा वाचलं. तू जातोस हे फार चांगलं.

आता तुझा प्रश्न. इतकी वर्षं लोकांबरोबर हिंडून मी एवढं शिकलो की प्रत्येक ठिकाणाची पिशवी वेगळी. दवाखान्याला कापडी पिशवी बरी, रुंद बंदाची. खाटेच्या दांड्याला अडकते आणि कोणी पाय लावत नाही. आत स्टीलचा पेला, कारण प्लॅस्टिकचा वाऱ्यानं पडतो आणि रात्रभर ओल राहते. चादर, बॅटरी, थोडी सुतळी. सुतळीला सगळे हसतात आणि दुसऱ्या दिवशी मलाच मागतात. पुतण्यानं मला पुण्याहून खूप कप्प्यांची बॅग आणून दिली होती. कप्पे इतके की गोळी सापडेपर्यंत दुखणं थांबायचं. तिसऱ्या महिन्यात चेन गेली. त्यानं दिलेली पाण्याची बाटली मात्र चांगली, पाणी दुपारपर्यंत गार राहतं, पण खांदा उतरतो.

तहसिलीला बटणाची फाईल आणि दोन पेन. एक पेन कोणीतरी मागून नेतंच. सोयरिकीला जाताना पिशवी दिसूच नये, पिशवी दिसली की पाहुण्यांना वाटतं हे जेवूनच उठणार. खिशात अडकित्ता आणि सुपारी, बोलणं अडलं की कातरत बसावं. आणि मयतीला काहीच नेऊ नये, फक्त खांद्यावर पंचा. तिथं हात मोकळे लागतात.

तुझं काम यातल्या कशातच बसत नाही. विचार करून असं वाटतं की, बोलायला तोंड उघडत नसेल तेव्हा कागद कामाला येतो. रुद्रेशचे शाळेचे कागद तुझ्याच पेटीत असतील. दाखला, गुणपत्रिका, लहानपणीचं लसीचं कार्ड. उद्या पोरीला शाळेत घालताना बापाचे कागद लागतील. ते घेऊन जा. म्हणजे काहीतरी द्यायला आलास असं होईल. तुझी ती खतवाल्याची फुकट मिळालेली बॅग मात्र आणू नकोस, तीत तू बियाणं विकायला आलास असं दिसतं. एसटी लोह्यात पाच मिनिटं थांबते. मी नवीकोरी फाईल घेऊन स्टँडवर उभा राहतो, खिडकीतून देईन.

माया आहे ती वाढवत राहा.

तुझा
शेषेराव


उदगीर
दि. २७ जानेवारी २०२५

प्रिय शेषेराव यास,
स. न. वि. वि.

जाऊन आलो. तुला सांगायला बरेच दिवस गेले.

तू दिलेल्या फाईलमध्ये अहमदपूरपासून मांडीवर धरलेले कागद गाडीतच नीट लावले. तुझं पत्रही त्यातच ठेवलं, धीराला. घर सापडलं. उंबऱ्याशी अगदी लहान, लाल रंगाच्या चपला होत्या. त्यांच्याकडे बघत उभा होतो तेवढ्यात दार उघडलं.

रुद्रेश माझ्यासारखाच टकला होत चालला आहे. तोंडावर काहीतरी हललं होतं, मी पाहिलं शेषेराव, खरंच हललं होतं. मग त्याची नजर काखेतल्या फाईलवर गेली आणि ते विझलं. कुठं सही करू ते दाखवा, असं तो म्हणाला. मला कळायलाच वेळ लागला. त्याला वाटलं मी शेतातला हक्क सोडल्याची त्याची सही घ्यायला कागद घेऊन आलो. तसं नाही हे कागदच सांगतील म्हणून फाईल पुढे केली. त्यानं तर चित्र आणखीच पक्कं झालं. एवढ्याचसाठी आलात व्हय, असं म्हणून त्यानं खिशातला पेन काढला. ते मला बघवलं नाही. फाईल उंबऱ्यावर ठेवली आणि वळलो.

आतून पैंजण वाजत होतं. तेवढंच ऐकून आलो. तुझ्यावर राग नाही. पण आता मला पुन्हा जा म्हणू नकोस.

रामलिंग


नांदेड
दि. ९ फेब्रुवारी २०२५

ती. शेषेराव काकांना,
पुनमचा शि. सा. न. वि. वि.

तुम्ही मला ओळखत नाही. मी रुद्रेशची बायको. तुमचा पत्ता मला तुमच्याच पत्रावर मिळाला, आणि ते पत्र फाईलमध्ये होतं.

फाईल यांनी कपाटावर टाकली होती. उघडणार नाही म्हणाले. सही हवी असेल तर पुन्हा येतील, असंही म्हणाले. अठरा दिवस मी तिच्याकडे बघत होते. शेवटी परवा जेवण वाढायच्या आधी काढली. स्टॅम्प पेपर शोधत होते आणि हाताला तिसरीची गुणपत्रिका लागली. गणितात छत्तीस, शेरा 'बडबड फार करतो'. खाली लसीचं कार्ड, आणि सगळ्यात खाली तुमचं पत्र.

ते मी यांना ताटावर वाचून दाखवलं. सुतळीपाशी हे हसले. सोयरिकीच्या पिशवीपाशीही हसले. पुढचं वाचल्यावर म्हणाले, म्हातारा एवढ्या लांबून हेच घेऊन आला व्हय. मी म्हणाले, म्हातारा काय म्हणता, नीट बोला. तर हात धुवायला उठले ते बराच वेळ मोरीतच होते.

बोलवा, असं ते म्हणालेले नाहीत. पण उदगीरची गाडी किती वाजता येते हे मला दोनदा विचारलं. मला कशी माहीत असणार?

काका, एक सांगू? तुमच्या यादीत दवाखाना आहे, तहसील आहे, मयत आहे. नात कुठंच नाही. मोठ्यांच्या पुढे बोलले असेन तर पोटात घाला.

तुमची
पुनम


लोहा
दि. १४ फेब्रुवारी २०२५

प्रिय रामलिंग यास,
स. न. वि. वि.

सोबत सूनबाईचं पत्र जोडलं आहे. आधी ते वाच, मग हे.

वाचलंस? आता माझं ऐक. चूक माझी होती. तहसिलीच्या पायऱ्या इतक्या झिजवल्या, तरी बापाच्या काखेत फाईल दिसली की लेकाला वाटणीच दिसते, हे मला सुचलं नाही. माझी सगळी शहाणीव पिशव्यांची, रामलिंग. दारामागच्या माणसाची नाही. दोन दिवस पूजेत मन लागलं नाही.

या वेळी यादी देत नाही. फक्त जा. पुढच्या रविवारी, २३ तारखेला, मी स्टँडवर असेन, पण हातात काही नसेल.

तुझा
शेषेराव


नांदेड
दि. २५ फेब्रुवारी २०२५

प्रिय शेषेराव यास,
स. न. वि. वि.

वरचं गाव बघितलंस ना? नांदेडहूनच लिहितो आहे.

रविवारी तू खिडकीशी आलास आणि नुसता गजाला हात लावून उभा राहिलास, ते बरं केलंस. गाडी पुढे निघाली तेव्हा दोन्ही बाजूंना करडई फुलली होती आणि मला वाटत होतं की गाडी जागेवर आहे, शेतंच मागे चालली आहेत. मी कोणाकडे तरी जातो आहे की कोणीतरी मला आणून घेतं आहे, हेही कळत नव्हतं. खिशात चष्मा आणि रुमाल होता. स्टँडवर केळी घेतली, लेकराच्या घरी मोकळ्या हातानं कसं जावं? मुक्कामाचे कपडे घेतले नव्हते. घेतले असते तर राहायचं गृहीत धरल्यासारखं झालं असतं.

रुद्रेशनं दार उघडलं आणि आधी माझ्या हातांकडे पाहिलं. मग बाजूला सरकला. बसा म्हणाला नाही, पण पुनमला पाणी आण म्हणाला.

पोरीचं तोंड पाहिलं. भुवया तिच्या आजीच्या. मला बघून आधी रडली, मग केळ्याला भुलली, आणि मांडीवर येऊन बसली ती थेट माझा सदरा आणि धोतर ओलं करूनच उठली. पुनम हसत म्हणाली, आता जाता कसं बघते. रुद्रेशची लुंगी आणि दुकानात घालायचा सदरा तिनं काढून दिला. मला तो खांद्यात बरोबर बसला. खिशात वजन लागत होतं, पाहिलं तर त्याचा टेस्टर, दोन स्क्रू आणि पोरीची क्लिप. रोज एवढं घेऊन फिरतो तो. मी काही काढलं नाही. छातीशी तसंच राहू दिलं.

तू विचारशील, बोलणं काय झालं. फार नाही. लग्नाचा विषय त्यानं काढला नाही. मी काढला आणि चुकलो म्हणालो, तर तो पंख्याकडे बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणजे आज दुपारी दुकानातून घाईनं आला, गिऱ्हाईक उभं होतं. मी पोरीला घेऊन बसलो होतो. तो वाकला, न विचारता माझ्या खिशात हात घातला, टेस्टर काढला आणि निघून गेला. लहानपणी मी बाजारातून आलो की असाच हात घालायचा, शेषेराव. खिसा उपसून पळायचा, मागे वळून बघायचासुद्धा नाही. आजही बघितलं नाही.

माझे कपडे केव्हाच वाळले आहेत. अजून बदललेले नाहीत.

घरी सर्वांना नमस्कार. जीव लावला आहेस, तसाच राहू दे.

तुझा
रामलिंग