पोपटाने टोचलेले पेरू

प्रिय पोपटराव,

फोनवर बोलायची सोयच नाही. तू कायम मीटिंगमध्ये असतोस आणि इकडे आप्पा तुझा आवाज ऐकायला मला चिकटून बसलेले असतात. म्हणून लिहितेय. आधीच सांगते, माझं डोकं फिरलंय, तेव्हा गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नकोस. कामधंदा नसला की लोक माश्या मारतात; तुझी बहीण सध्या कामधंदा म्हणून माश्या मारते. फळमाशीने बागेत नुसता उच्छाद मांडलाय. मागच्या खेपेला पॅकिंगवाल्या साहेबांनी आपला पेरू कापला, तर आत अळी वळवळत होती. मेल्याने आरडाओरडा केला असता तर बरं वाटलं असतं. त्यांनी सुरी पुसली आणि थंडपणे सांगितलं, की पुढच्या खेपेत एक जरी अळी निघाली तर या हंगामात आपल्या बागेचं फळ घेणार नाहीत. पुढची खेप या महिन्याच्या अखेरीला आहे. वर्षभर मी राबायचं आणि निकाल त्या एवढ्याशा किड्याने लावायचा!

तुला बाग फक्त खाण्यापुरती माहीत, म्हणून समजावते. मादी माशी पिकत आलेल्या पेरूच्या सालीला टोचते आणि आत अंडी घालते. अळ्या गर खातात, फळ गळून पडतं, अळ्या मातीत शिरतात आणि काही दिवसांनी तिथूनच नव्या माश्या उडतात. त्यासाठी मी जागोजागी वासाचे सापळे टांगलेत. त्या वासाला फक्त नर भुलतात आणि सरळ आत जाऊन मरतात, यावर मी जास्त काही बोलत नाही. पण खरं काम सापळ्यांचं नाहीच. गळालेलं एकूण एक फळ रोज वेचून खोल खड्ड्यात पुरायचं, हे खरं काम. मला ते आप्पांनीच शिकवलंय, हातात टोपली देऊन, एक फळ राहिलं तरी परत पाठवून. यंदा मी सकाळी टोपली घेऊन जावं तर झाडांखाली चिटपाखरू नाही तसं फळही नाही. मी खूश! वाटलं, गळ थांबली. आणि सापळे मात्र दर आठवड्याला आधीपेक्षा जास्त भरलेले.

मग मी काय करावं? शेजारच्या मास्तरांशी भांडले. त्यांची बाग आधीच गबाळी, तेव्हा माश्या त्यांच्याकडूनच येतात हे मी ठरवूनच टाकलं होतं. कुंपणापाशी उभी राहून त्यांना नको नको ते बोलले. त्या भल्या माणसाने चष्मा पुसत सगळं ऐकून घेतलं आणि मला आत नेऊन फळं पुरलेला खड्डा दाखवला, वर चांगली दाबून माती टाकलेला. तोंड कुठे लपवू असं झालं मला. घरी आले आणि चिडूनच कुठला सापळा सगळ्यात जास्त भरतो ते बघत सुटले. जुन्या पंपाच्या खोलीजवळचा सापळा गच्च भरला होता. तिथे आसपास पेरूचं झाडसुद्धा नाही! मोटार नव्या विहिरीवर नेल्यापासून त्या खोलीत कुणी जात नाही, असं मी समजत होते.

दार ढकललं तर आत क्रेटवर क्रेट. खाली वर्तमानपत्र अंथरून, देठ वर करून पेरू मांडलेले, अर्धे काळे पडलेले, अळ्या टुणटुण उड्या मारतायत, आणि मातीच्या जमिनीत तांदळासारखे कोशच कोश. मी ओरडणार तेवढ्यात मागून आप्पा आले. चेहरा असा फुललेला, की चोरी पकडली गेल्याचा मागमूस नाही. तोंडावर बोट ठेवून त्यांनी मला हळूच सांगितलं, की हे सगळे पोपटाने टोचलेले आहेत, नीट वेचून, तू आलास की तुला द्यायला ठेवलेत, आणि मी त्यांना हात लावायचा नाही.

आठवतंय ना? तू अख्खा पेरू कधी खाल्लाच नाहीस. पोपटाने टोचलेलाच हवा, कारण पोपटाला गोड बरोबर कळतं! म्हणून तर तुला हे नाव पडलं. आप्पांसारखा बागायतदार माणूस, पण तुझ्यापायी सगळ्यांच्या आधी उठून पोपटांचं उष्टं शोधत फिरायचा. आता त्यांना चोच कुठली आणि माशीचा डंख कुठला, ते दिसत नाही. तू कधी त्यांच्या लेखी शाळेतून यायचा असतोस, कधी नोकरीवरून. यायचा असतोस, एवढं मात्र पक्कं.

मी सगळं पुरलं, जमीन खणून उन्हात तापवली, दाराला कुलूप घातलं. काय उपयोग? आता पेरू त्यांच्या पलंगाखाली सापडतात, स्वेटरच्या घडीत सापडतात, परवा तुझ्या जुन्या दप्तरात सापडले. समजावलं की शहाण्यासारखी मान डोलावतात, वर मला माशीचं चक्र नव्याने शिकवतात, आणि सकाळी पुन्हा वेचायला हजर. रागावले, रडले, हात जोडले. मी थकले रे. शेवटी गेल्या आठवड्यात मी सरळ थाप मारली. म्हटलं, तुम्ही दुपारी झोपला होतात तेव्हा पोपट आला आणि सगळे पेरू घेऊन गेला. वाटलं, सुटले. मग त्यांनी एवढंच विचारलं, की त्याने मला उठवलं का नाही?

तेव्हापासून ते दुपारचे झोपत नाहीत. मांडीवर टोपली घेऊन फाटकाकडे तोंड करून खुर्चीत बसतात, मान लवंडली की दचकून सावरतात. म्हणून हे पत्र. खेपेच्या आधी ये. बागेसाठी ये म्हणत नाही, बाग माझी मी बघेन. तू समोर बसून त्यांच्या हातचा पेरू खाल्लास, की कदाचित ते वेचणं थांबवतील. नाही थांबले तर मी रोज पलंगाखाली वाकेन, पण ते दुपारी निवांत झोपतील तरी. घाबरू नकोस, माशी बसू नये म्हणून झाडावरच पिशवी बांधून वाढवलेला एक स्वच्छ पेरू सुरीच्या टोकाने टोचून मी आधीच टोपलीत ठेवीन. पण त्यांनी दुसराच उचलून दिला, तर तोंड वाकडं न करता तो खा. आणि ते झोपलेले असले, तर उठव.

तुझीच,
माश्यांमागे धावून मेटाकुटीला आलेली
ताई