जोतीदादाच्या फोटोला हार

आटपाडी, डिसेंबर १९७१

तीर्थरूप आबा,

हौसाचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. मी खुशाल आहे, जेवण वेळेवर होतं. आईचा गुडघा कसा आहे? ऊस गेला का कारखान्याला?

नववीच्या मुलांनी आणि मी मिळून गाण्यांचं नाटक रचलंय. फौजी सुट्टीवर घरी येतो, एवढीच गोष्ट. उद्या गॅदरिंगला प्रयोग आहे. नाटकातल्या घराच्या भिंतीवर लावायला मी जोतीदादाचा वर्दीतला फोटो दिला.

इथून पुढचं मनातच वाचा, आईला ऐकवू नका.

काल तालमीत नववीतल्या रंगूनं त्या फोटोला शेवंतीचा हार घातला. जित्या माणसाच्या फोटोला हार! मी ओरडलेच. पोर घाबरली. म्हणाली, "बाई, आमच्यात द्येवाच्या फोटूला घालत्यात न्हवं?" धनगरवाड्यावरची ती, तिच्या घरात देवाशिवाय कुणाचा फोटोच नाही. तिचा काय दोष? हार लगेच काढला, पण तेव्हापासून पेटीवर माझी बोटं ठरत नाहीत.

लढाई लागल्यापासून दादाचं पत्र आलं का? आलं असेल तर तसं लिहा. नसेल, तर नुसतं उसाचंच लिहा. मी समजेन.

तुमची लेक,
हौसा