फाउंड्रीचं फाटक

मिलवॉकी
१८ नोव्हेंबर २००७

ती. माईवन्सं,

रेखाचा नमस्कार. तुमचं दिवाळीचं पत्र पोचलं. गुडघ्याला नवं औषध लागू पडलं हे वाचून बरं वाटलं. धरमपेठेतल्या घराला रंग दिलात तो फोटो फ्रिजवर लावलाय.

इथे थंडी सुरू झाली. फराळासाठी शिकागोला डेव्हन रस्त्यावरच्या आपल्या दुकानांत जाऊन भाजणी आणि पातळ पोहे आणले, पण चकल्या राहूनच गेल्या. चिवडा तेवढा झाला. इला दोन दिवस राहून गेली. तिचं नदीकाठचं काम पुरं झालं, मागच्या महिन्यात उद्घाटनही झालं. पेपरात तिचा फोटो आला होता, कात्रण सोबत ठेवलंय.

इलाने नक्की केलं काय, असं तुम्ही विचारलंत. ह्यांची फाउंड्री होती ना, अमेरिकेत आल्यापासून हे जिथे होते, ती २००१ साली बंद पडली. जागा ओसाड पडून होती. शहराने ती घेतली आणि नदीकाठ लोकांसाठी मोकळा करायचं ठरवलं. ते काम इलाच्या ऑफिसला मिळालं. खराब झालेली माती खणून नवी भरली, गवत लावलं, बर्चची झाडं लावली. ओतकामाची मोठी शेड छपरासकट ठेवली, तिथे शनिवारी भाजीबाजार भरतो. लाकडी साचे बनवायची विटांची इमारत पाडणार होते. इला त्यासाठी भांडली. आता तिथे वाचनालय आहे.

सुरुवातीला हेच तिला जागा दाखवत हिंडायचे. भट्टी इथे, क्रेन तिथे, असं चिखलातून बापलेकीचं चालायचं. "बाबा, हे मी तुमच्यासाठी करतेय," ती म्हणायची.

"कर. पण माझ्या शेडला हात लावू नकोस."

तेव्हाच हे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायला लागले होते. मी ते वयावर ढकललं.

माईवन्सं, तुम्ही लिहिलंत, "गुरू आता मोठा साहेब झाला, बहिणीला विसरला." ते वाक्य वाचलं आणि पुढचं पत्र मला वाचवेना. फोनवर मी दर वेळी सांगते, झोपलेत, फिरायला गेलेत, घसा बसलाय. हे तेव्हा शेजारच्या खुर्चीत बसलेले असतात. तुम्ही तिथे एकट्या, इतक्या लांबून काय करणार, म्हणून बोलले नाही. शिवाय तुमच्यापाशी बोलले की ते खरंच झालंय असं मानावं लागणार होतं.

ह्यांना स्मृतिभ्रंश झालाय. डॉक्टरांनी सांगितलं त्याला दोन वर्षं होऊन गेली. माझं नाव गेलं. घरातली खोली सापडत नाही. तुम्ही मात्र आहात. रोज मला विचारतात, "माई शाळेतून आली का?" मी म्हणते, येईलच एवढ्यात.

उद्घाटनाला ह्यांना न्यायला मी तयार नव्हते. इलाने हट्ट धरला. मी ह्यांना टाय बांधून दिला. पहिल्या रांगेत बसवलं, शांत बसले. इला छान बोलली. इतकी वर्षं फाउंड्रीच्या भिंतीमुळे शहराला स्वतःची नदीच दिसत नव्हती, ती भिंत आम्ही काढली, असं म्हणाली तेव्हा टाळ्या थांबेनात. तिने आमच्याकडे पाहिलं. हे मागे वळून काहीतरी शोधत होते.

मग उठून चालायलाच लागले. मी मागोमाग. जिथे भिंत होती त्या बाजूने गेले, परत आले, पुन्हा गेले. कार्यक्रम संपल्यावर इला धावत आली, तर हे तिला ऑफिसातल्यासारखं इंग्रजीत म्हणाले, "एक्सक्यूज मी, तुम्ही इथे काम करता?"

"हो," इला म्हणाली.

"इथलं फाटक कुठे गेलं? माझी शिफ्ट सुटली की बायको मुलीला घेऊन येते. आठ वर्षांची आहे. गाडीतून उतरते आणि फाटकाकडे पळत सुटते. फाटकच नसेल तर तिला कळणार कसं?"

मी पुढे होणार, तेवढ्यात इलाने हाताने मला थांबवलं. मला वाटलं, आता सांगेल, बाबा, ती मीच. पण ती म्हणाली, "मी थांबते तुमच्याबरोबर, सर. आपण दोघं लक्ष ठेवू."

जन्मदात्या बापाला सर म्हणाली, माईवन्सं.

दोघं बाकावर बसले. हे तिला मुलीचं कौतुक सांगत होते. गणित चांगलं आहे, भेंडी खात नाही, गाडीत झोपली की उचलून न्यावी लागते. लोक इलाचं अभिनंदन करायला येत होते, ती बसल्या बसल्याच हात मिळवत होती. ह्यांचा डोळा रस्त्यावरून हटत नव्हता. शेवटी इलानेच सांगितलं, "सर, ती आईबरोबर घरी गेली. सुखरूप आहे." तेव्हा कुठे उठले.

ह्यांना घरी निजवल्यावर इला स्वयंपाकघरात माझ्याजवळ येऊन उभी राहिली. म्हणाली, "फाटक ठेवायचं का असं मला विचारलं होतं. मीच नको म्हटलं."

मी म्हटलं, "त्यात तुझी काय चूक?"

"तेच तर, आई. चूकसुद्धा नाही." आणि मग रडली. मोठी झाल्यापासून तिला तशी रडताना पाहिली नव्हती.

गेल्या आठवड्यात पहाटे माझा डोळा लागला असताना हे नुसत्या शर्टावर बाहेर पडले. नदीकाठच्या पायऱ्यांवर सापडले, घोट्यापर्यंत पाण्यात. पळायला आलेल्या एका बाईने पोलिसांना बोलावलं. पाय निळे पडले होते आणि त्यांना म्हणत होते, मुलगी यायची वेळ झाली, मला आत जाऊ द्या.

त्या दिवशी मी डॉक्टरांना हो म्हटलं. उद्या सकाळी आम्ही ह्यांना अशा माणसांना सांभाळतात त्या घरात नेऊन सोडणार आहोत. तुम्हाला हे पत्र मिळेल तेव्हा हे तिथे असतील. इला म्हणाली होती, मी नोकरी सोडते, तुझ्याकडे राहायला येते. मी नाही म्हटलं. आज दुपारी ह्यांच्या कपड्यांवर नाव शिवत बसले होते. हे समोर बसून बघत होते. म्हणाले, "कुणाचे कपडे आहेत?" मी म्हटलं, माझ्या नवऱ्याचे. "नशीबवान आहे," म्हणाले.

तुम्ही या, माईवन्सं. व्हिसाचं इला बघेल. हे तुम्हाला ओळखणार नाहीत, हे मनाशी धरूनच या. त्यांच्या लेखी तुम्ही अजून दोन वेण्यांची शाळकरी मुलगी आहात. तरी त्यांचा हात धरून बसा. आणि मला, ह्यांना लहानपणापासून ओळखणारं कुणीतरी घरात हवंय. इथे ज्याच्यापुढे रडावं असं कुणी नाही. इलापुढे मी रडत नाही.

तुमच्या भावाला रोज नव्याने भेटणारी,
रेखा