सोफा मी विकलाय

अहो,

दार उघडल्यावर चोरी झाली म्हणून बोंब मारू नका. सोफा मी विकलाय. चिमीचा इनहेलर संपला आणि तिची छाती काही पगाराच्या तारखेपर्यंत थांबायला तयार नव्हती. डॉक्टर म्हणालेच होते, सोफ्यातली धूळ तिला बाधते. म्हणजे दुखणं विकून औषध आणलं!

वरच्या मजल्यावरच्या मास्तरांनी घेतला. तुमच्या ताईंनी ‘मी दिलेला सोफा कसा आहे?’ विचारलं, तर ‘मजेत आहे’ म्हणा. खोटं नाही, मास्तर लोळतायत त्यावर.

मी जादा पाळीला जातेय. शेजारच्या काकू चिमीजवळ बसल्यात, त्यांना चहा करून द्या. चिमीच्या छातीतली शिट्टी थांबलीय. घर इतकं शांत झालं, की निघता निघता दोनदा वाकून तिचा श्वास ऐकला.