तापवून बसवतात ते बेरिंग

बाबा, काल रात्रभर मी झोपले नाही. परवाही नाही. पोराला फिट आली बाबा, तुमच्या नातवाला. अंग तापलेलं होतंच. मी कपाळावर हात ठेवायला वाकले तर डोळे वर गेलेले, मुठी आवळलेल्या, आणि सगळं अंग थडथडत होतं, तुमच्या कारखान्यातलं इंजिन बंद होताना थडथडायचं तसं. सासूबाईंनी कांदा फोडून नाकाला धरला. थोड्या वेळाने पोर सैल पडलं, रडलं, मग प्यायलं पण. काल दिवेलागणीला परत तसंच. तेव्हापासून मी त्याच्या तोंडाकडे बघत बसलेय. माझा डोळा लागला आणि तेवढ्यात आली तर?

आता सकाळ झालीय. पोर झोपलंय, पण अंग अजून कढत आहे. घरात बोलायला कोणी नाही. हे लाँचवर गेलेत, मासळी भरली की येतील, कधी ते सांगता येत नाही. सासूबाई जेटीवर गेल्यात. म्हणून कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडून पाठच्या बाजूला लिहितेय. तुम्ही गेलात आणि चौथीत माझी शाळा सुटली, तेव्हा जोडाक्षरं चुकतील. तुम्ही कुठे रागवायला आहात.

फिट हा शब्द मला तुमचाच वाटायचा. तुम्ही बर्फाच्या कारखान्यात फिटर, म्हणून आमच्या घरात सगळंच फिट. पाईप फिट केला. चहा चांगला झाला की फिट झालाय म्हणायचात. आईने शिवलेलं माझं परकर-पोलकं घट्ट झालं तेव्हा शेजारच्या काकी म्हणाल्या, फार फिट बसतंय गो, आणि तुम्ही म्हणालात, मग चांगलंच आहे की. दादाला जहाजावर जायचं होतं, डोळे तपासून त्याला अनफिट करून परत पाठवलं. दादा दोन दिवस जेवला नाही. तुम्ही त्याच्या ताटाशी बसून म्हणालात, जहाजाला अनफिट, मला फिट, उद्या चल माझ्याबरोबर. अजून तो तिथेच आहे, तुमचाच पाना हातात घेऊन. माझं लग्न ठरलं तेव्हा मामी म्हणाली, पोरगी त्या घरात फिट बसेल. आणि हा जन्मला तेव्हा सासूबाईंनी त्याला उचलून उजेडात धरला आणि म्हणाल्या, माझ्या डोळ्यांचं पारणं फिटलं. ते आपलं मराठीतलं फिटणं वेगळं असणार, मला एवढं कळत नाही, पण कानाला सारखंच गोड लागलं. इतकी वर्षं ह्या शब्दाने काही वाईट केलं नव्हतं. परवा शेजारीण दारातून ओरडली, अगो पोराला फिट आली, आणि तो शब्द तुमचा राहिला नाही. बरं असलेल्यालाही फिट म्हणायचं आणि ह्यालाही तेच. इंग्रजी बोलणारी माणसं पोराच्या आईला काय सांगत असतील?

सासूबाई जेटीवर का गेल्यात ते सांगते. खाडीपलीकडे एक म्हातारबाबा आहेत, ते आकडीवर डाग देतात. सळी तापवून पोटावर. दुपारच्या होडीने त्यांना आणायला सांगायला गेल्यात. काल मी म्हटलं, आये, आपण ह्याला रत्नागिरीला मोठ्या दवाखान्यात नेऊया. त्या रागावल्या नाहीत. माझ्या बाजूला बसल्या आणि म्हणाल्या, "माझी पहिली पोर गेली गो. तिला डाग नाय दिला म्हणून गेली. ह्याच्या बापाला दिला, तो जगला. आणखी काय दाखवू तुला?" ह्यांच्या पोटावर ते डाग आहेत, मी बघितलेत. त्या पोराचं वाईट करतील असं मला वाटत नाही. परवापासून त्याही पडलेल्या नाहीत. देवाला नारळ ठेवलाय, माझ्यापुढे पेज आणून ठेवतात आणि संपेपर्यंत उठत नाहीत.

पण माझ्याजवळही दाखवायला एक गोष्ट आहे, ती मी बोलले नाही. मलाही फिट यायची. ह्या घरात ते कोणाला माहीत नाही. बघायला आले तेव्हा आईने मला आत घेऊन बजावलं होतं, ते तोंडातून काढायचं नाही, मरेपर्यंत नाही. आता सांगितलं तर म्हणतील, हिनेच आणलं आमच्या घरात. कदाचित म्हणणार नाहीत. पण मला भीती वाटते.

तो दिवस मला थोडा आठवतो, थोडा आईने सांगितलेला आहे. मी घोंगडीवर पडलेय. आजीने चुलीत सळी घातलीय, तिचं टोक लाल झालंय. आई भिंतीला लागून उभी, तोंडात पदर. आणि तुम्ही जेवायला म्हणून येता. तुमच्या कपड्यांना कारखान्यातल्या अमोनियाचा वास, डोळ्यांत पाणी आणणारा, तो आधी घरात येतो आणि मागून तुम्ही. तुम्ही ओरडला नाहीत. फडक्याने सळी धरली, चुलीतून काढली आणि पाण्याच्या बादलीत घातली. चर्र झालं. मग म्हणालात, "तापवून बसवतात ते बेरिंग. ही माझी पोर आहे." मी शाळेत जायला लागल्यावर तुम्ही मला ते दाखवलंत, बेरिंग तेलात तापवतात, जरा फुगतं, मग शाफ्टवर सरकतं आणि गार झालं की घट्ट बसतं. आजी म्हणाली, मेली तर तुझ्या डोक्यावर. तुम्ही जेवला नाहीत. मला आईच्या जुन्या लुगड्याने स्वतःच्या छातीशी बांधलंत आणि सायकल काढलीत. डॉक्टरांनी सांगितलं, लहानपणी तापाने अशी येते पुष्कळांना, मोठी झाली की जाईल. आली तर कुशीवर निजवा, तोंडात काही घालू नका, पाण्याने अंग पुसा, आणि लगेच घेऊन या. घरी आल्यावर रात्रभर पट्ट्या कोणी पिळल्या, तर आजीने. तुम्ही तिला सळीबद्दल परत एक शब्द बोलला नाहीत, असं आई सांगते.

मला मात्र एकदा बोलला होतात. डब्याचं झाकण बसत नव्हतं म्हणून मी वरवंट्याने ठोकत होते. तुम्ही वरवंटा काढून घेतलात. ठोकायचं नाही गो बाय, बसत नाही म्हणजे काहीतरी अडकलंय, आधी बघायचं. बघितलं तर कडेला वाळलेली भाताची शितं. मी रडले, तेव्हा तुम्ही खिशातून एक जुनं बेरिंग काढून दिलंत, बोटावर फिरवायला. ते अजून आहे बाबा. लहान पोराच्या उशाखाली लोखंड ठेवतात ना, सासूबाई विळा ठेवत होत्या, मी म्हटलं हे ठेवूया. त्यांनी हातात घेऊन फिरवून बघितलं, हसल्या, म्हणाल्या लोखंड ते लोखंड.

लिहायला बसले तेव्हा नुसतं रडायचं होतं. आता रडू गेलंय. रत्नागिरीची एसटी यायला थोडा वेळ आहे, फाट्यापर्यंत मी चालत जाईन. ओल्या फडक्याची घडी आणि पाण्याची बाटली पिशवीत भरलीय. एसटीत फिट आली तर काय करायचं ते मला येतं.

हे तुम्हाला पोचणार नाही, मला माहीत आहे. पान चुलीजवळ ठेवतेय. उडू नये म्हणून वर बेरिंग ठेवते, लोखंड घरात राहू दे, सासूबाईंना वाटायला नको की मी सगळंच घेऊन गेले. त्यांना वाचता येत नाही, त्या कोणाकडे तरी आणतील. तर जो कोणी हे वाचून दाखवत असाल, त्यांना सांगा मी भांडून गेले नाही. त्यांच्या पोरीची गोष्ट ऐकून मलाही रडू आलं होतं, पण त्यांच्यासमोर रडले नाही. मला लहानपणी फिट यायची ते गाळू नका, तेही वाचा. समोर उभं राहून मला सांगता आलं नसतं, म्हणून बाबांना लिहिलं. आणि वाचून झालं की पोस्टात जा, रत्नागिरीच्या बर्फाच्या कारखान्याचा नंबर पोस्टमास्तरांना ठाऊक आहे. पोर घेऊन मी एकटी कधी एसटीत बसलेले नाही. माझ्या भावाला फोन करा, स्टँडवर येऊन उभा राहा म्हणावं.